शाळेबाहेरचे तास

जऊळका हे अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. सोयाबीन सोंगणीच्या हंगामातला हा एक कामाचा दिवस.

सकाळी ६

सोंगणीला जाणाऱ्या बाया अंधारातच शिदोरी बांधतात. काम एकराच्या गुत्त्यानं घेतलेलं असतं. जितके हात जास्त, तितकं वावर लवकर मोकळं होतं आणि पुढचं हाती घेता येतं. ज्या घरी आजी नाही, तिथं धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी मागं राहते. माझ्या वर्गात आज किती मुलं बसतील, हे असं सकाळी सहालाच ठरायला लागतं. दुकानदाराच्या, नोकरदाराच्या घरातलं मूल या वेळी झोपलेलं असतं आणि त्याची झोप पुरी होते.

सकाळी ८.३०

काल न आलेल्या मुलांच्या घरी जाऊन येते. एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन दारात उभी असते.

"आज येशील ना बाळा?"

"माय वावरात गेली मॅडम. लहान्याले पाहा लागते."

मी भावाला अंगणवाडीत पोचवायला सांगते. दुपारपर्यंत प्रश्न सुटतो. पण अंगणवाडी सुटते दुपारी आणि आई परतते दिवेलागणीला. मधले तास कुणाचे? ते या दहा वर्षांच्या मुलीचे. ती हुशार आहे. तोंडी हिशेबात वर्गात तिचा हात पहिला वर जातो. पण आठवड्यातून दोन दिवस ती वर्गात नसते आणि त्या दोन दिवसांत अपूर्णांकांचा धडा पुढं गेलेला असतो.

सकाळी १०.३०

परिपाठ, मग हजेरी. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला. रक्कम दिवसाला १ रुपया होती. गरीब घरात मुलीच्या दिवसाला किंमत असते, हे तेव्हा शासनानं ओळखलं होतं. आज सोंगणीची मजुरी या रुपयाच्या कितीतरी पट आहे. मुलीला शाळेत पाठवणारी आई दिवसाच्या कमाईवर पाणी सोडते, म्हणून तिच्याविषयी मला फार आदर वाटतो.

सकाळी ११.१५

मराठीचा तास. पाठ्यपुस्तकाची भाषा काही मुलांच्या घरी रोज कानावर पडते. वर्तमानपत्र येतं, काका-मामा नोकरीला असतात, निजताना कुणी गोष्ट वाचून दाखवतं. बाकीच्यांच्या घरी सकस वऱ्हाडी बोलली जाते, पण छापलेला कागद म्हणजे रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक. ही मुलं पुस्तक उघडतात तेव्हा त्यांना आशय आणि भाषा दोन्ही एकाच वेळी नवी असते. म्हणून मी धडा आधी त्यांच्या बोलीत सांगून घेते आणि मग वाचायला लावते.

'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हे ऐकून लोक थेट शिक्षकाकडं बोट दाखवतात. आमची जबाबदारी आहेच, ती मी नाकारत नाही. पण एकाच बाईच्या हाताखाली, एकाच फळ्यासमोर शिकलेल्या दोन मुलांत दोन इयत्तांचं अंतर का पडतं, याचं उत्तर वर्गाबाहेर शोधावं लागतं.

दुपारी १.३०

खिचडी. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. काही मुलांचं हे दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं, म्हणून मी महत्त्वाचं गणित शक्यतो दुपारी घेते. भरल्या पोटी शिकवलेलं टिकतं.

दुपारी ३

नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी. वाशीमच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. अट चांगली आहे. पण 'ग्रामीण' या एका रकान्यात कृषी केंद्रवाल्याचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी दोघंही बसतात. त्याच्याकडं सरावाची पुस्तकं आहेत, शिकवणी आहे, उत्तरपत्रिका तपासून देणारे वडील आहेत. तिच्याकडं माझा हा पाऊण तास आहे. त्याची मेहनत खोटी नाही. पण निकाल लागल्यावर गाव 'पोरगा हुशार' एवढंच म्हणतं आणि त्या हुशारीमागं घरानं काय पुरवलं ते विसरून जातं.

सायंकाळी ५

शाळा सुटते. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. मुलाच्या झोपेचे रोजचे नऊ तास सोडले, तर त्याच्या जागेपणाचे वर्षाला ५,४७५ तास उरतात. म्हणजे कायद्यानं हमी दिलेला वेळ जेमतेम सातवा हिस्सा. त्यात सगळी मुलं एका सतरंजीवर बसतात. उरलेले सहा हिस्से ज्याच्या त्याच्या घरच्या ऐपतीवर सोडलेले आहेत.

सायंकाळी ६.३०

सकाळच्या मुलीची आई वावरातून परतली आहे. मी तिच्या ओसरीवर बसते.

"मॅडम, मले अक्षर येत नाही. तुमी सांगसान तसं. पन दिवाईनंतर आमी कारखान्याकडं जातो. तिले कुठी ठेवू?"

शिकलेले पालक शाळेत येतात, वही मागतात, 'गुण का कमी झाले?' असं विचारतात. ही आई येत नाही, आणि स्टाफरूममध्ये त्याला अनास्था म्हटलं जातं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲनेट लारो यांनी २००३च्या त्यांच्या पुस्तकात तिकडच्या घरांबद्दल हेच नोंदवलं आहे. मध्यमवर्गीय पालक शाळेशी हक्कानं बोलतात, कामगार पालक शाळेच्या शब्दावर विश्वास टाकतात. हा विश्वास म्हणजे आमच्यावरचं ऋण आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना गावातच ठेवून जेवण आणि अभ्यास देणारी हंगामी वसतिगृहाची योजना शासनाची आहे. ती उपयोगी पडायची तर कुटुंबाची गाडी भरण्याआधी सुरू व्हायला हवी. मूल एकदा फडावर गेलं की सहा महिने परत येत नाही.

रात्री ८

वह्या तपासताना वाटतं, यातलं नवीन काय आहे? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढं मांडलं होतं की, महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडं जातो. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेइतकीच राहायला जागा आणि जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून त्यांच्या कामात वसतिगृहाला एवढं मोल होतं. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या मोठ्या पाहणीनं दाखवलं की, मुलाच्या गुणांवर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम जास्त होतो. काहींनी त्यातून 'मग शाळा काय करणार?' असा अर्थ काढला. मी उलटा अर्थ काढते. घरची परिस्थिती इतकी भारी पडत असेल, तर शाळेनं घरापर्यंत पोचलं पाहिजे.

रात्री ९.३०

ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज लिहायला घेते. शाळेची एक खोली रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवावी, तिथं दिवा असावा आणि गावातली बारावी झालेली एखादी मुलगी मानधनावर बसावी. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीआधी पुढं जावा. सोंगणीच्या दिवसांत अंगणवाडीला जोडून संध्याकाळपर्यंत पाळणाघर चालावं. तिन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव आणि थोडा निधी लागतो. अर्जाखाली मी शिक्षिका म्हणून सही करीन. पण या तासांवर खरा हक्क मुलांचा आहे आणि तो मागण्याचा हक्क त्यांच्या आयांचा. म्हणून पहिली जागा त्यांच्या अंगठ्यांसाठी मोकळी ठेवली आहे.