कॉलेजच्या मैदानापुढे काय?

सीमाभागातल्या भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या कॉलेजात फुटबॉल चांगला खेळणाऱ्या मुलाची वाट ठरलेली असते. आंतरमहाविद्यालयीन सामने, तिथे चमकला तर विद्यापीठाच्या संघात निवड, मग दक्षिण विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी एक प्रमाणपत्र. पदवी हातात पडली की बूट माळ्यावर जातात. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात किंवा रेल्वेत चिकटला, तर घरचे म्हणतात, खेळ कामी आला. या वाटेवर व्यावसायिक क्लब कुठेही लागत नाही.

दोष मुलाचा नाही, स्पर्धेच्या रचनेचा आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या यजमान कॉलेजात दोन-तीन दिवसांत उरकतात, तीही बाद पद्धतीने. सकाळी हरलेला संघ दुपारच्या बसने परत. म्हणजे वर्षभर घाम गाळायचा आणि खरे सामने खेळायचे दोन-चार. त्यात बिदरकडे तांबडा मुरूम आणि कलबुर्गीकडे काळी माती. घसरून चेंडू काढायला गेलेल्या मुलाचा गुडघा सोलून निघतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर ऊन चाळिशीच्या वर असते.

याच वयाच्या एका इंग्रज मुलाचा प्रवास याच्या शेजारी ठेवून पाहावा. जॅक हॅरिसन १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जन्मला. लहानपणीच मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत दाखल झाला. इंग्लंडमधल्या कुठल्याही आईबापांना यापुढे काही मागायचे सुचले नसते. पण या अकादम्यांमधून पोरे दरवर्षी गळतात आणि गळलेल्याच्या हाती ना शिक्षण उरते ना खेळ, हे त्याच्या आईला दिसत होते. तिने चौदाव्या वर्षी त्याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बर्कशायर स्कूल या निवासी शाळेत धाडले. तिथून तो नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला. कॉलेजचा एकच हंगाम खेळला आणि जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याचे नाव सगळ्यात आधी पुकारले गेले. निवडले शिकागोने, पण त्याच दिवशी सौदा होऊन तो न्यूयॉर्क सिटीकडे गेला. दोन वर्षांनी मँचेस्टर सिटीने त्याला विकत घेतले, आणि लीड्स युनायटेडकडून तो प्रीमियर लीगमध्ये खेळला. ज्या देशातून निघाला तिथेच परतला, फक्त अटलांटिकला वळसा घालून.

हॅरिसन मुळातच हुशार होता, असे कुणी म्हणेल. मग डॉम ड्वायर घ्या. नॉरिच सिटीच्या युवा संघात वाढलेला हा मुलगा इंग्लंडमध्ये पुढे सरकला नाही. तो टेक्सासमधल्या टायलर ज्युनियर कॉलेजात गेला. नावाजलेले विद्यापीठ नव्हे, दोन वर्षांचे साधे कॉलेज. तिथून साउथ फ्लोरिडा विद्यापीठ, आणि २०१२ च्या निवडीत सोळाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी. २०१७ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून गोलही केला. मला हॅरिसनपेक्षा ड्वायरची गोष्ट मोलाची वाटते. हिरा कुणीही उचलतो. नाकारलेल्या पोराला पुन्हा तपासून घेणारी व्यवस्था दुर्मीळ असते.

ही व्यवस्था चालते कशी? ऑगस्टअखेर हंगाम सुरू होतो, डिसेंबरात अंतिम सामना होतो. एवढ्या अवधीत एकेक संघ अठरा-वीस सामने खेळतो, काही घरच्या मैदानावर, काही परगावी. अव्वल गटात पुरुषांचे दोनशेच्या आसपास संघ आहेत. शिष्यवृत्तीची गंमत ऐका: कित्येक वर्षे पुरुषांच्या एका संघाला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पंचवीस-तीस पोरांत एवढ्याच वाटायच्या, म्हणून प्रशिक्षक कुणाला पाव, कुणाला अर्धी देऊन संघ उभा करत. २०२५ मध्ये ही पद्धत बदलली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले हौशी लीगमध्ये खेळतात, म्हणजे पाय गंजत नाहीत. मग येते ती निवड. मागच्या हंगामात तळाशी राहिलेल्या क्लबांना आधी निवडायची संधी मिळते. कॉलेज अर्धवट सोडून येणाऱ्या निवडक मुलांच्या करारात पुढच्या शिक्षणाच्या पैशाची तरतूदही केलेली असते.

आता या यंत्राचे तेल कमी होत चालले आहे. अमेरिकी क्लबांनी स्वतःच्या अकादम्या उभारल्या, २०२२ पासून राखीव संघांची वेगळी लीग सुरू केली, आणि सोळा-सतरा वर्षांची पोरे कॉलेजला वळसा घालून थेट करारबद्ध होऊ लागली. तरी अठरा ते बावीस या वयातल्या मुलासाठी तिथे दार अजून बंद झालेले नाही.

आपल्या भागाला अशी वाट कधीच नव्हती का? होती, आणि ती हैदराबादची होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या शहरात तेव्हा भारतातला सगळ्यात शिस्तशीर फुटबॉल खेळला जाई, आणि त्याच्या मुळाशी एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशाने शिक्षक. त्यांनी हैदराबाद सिटी पोलिस संघ घडवला. या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. रहीमसाहेब फक्त कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धा भरवत, चेंडू घोळवायला बंदी असलेल्या स्पर्धा भरवत. पोरांनी एका पायावर विसंबू नये आणि चेंडू लवकर द्यावा, हा त्यामागचा हेतू. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळवली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. अजय देवगणचा ‘मैदान’ चित्रपट पाहिलेल्यांना हे नाव नवे नाही.

त्या हैदराबादेत शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या: शाळा, मोहल्ल्याचा क्लब, मग पोलिसातली नोकरी आणि तिच्याबरोबर देशातला सर्वोत्तम संघ. पगार पोलिसाचा, खेळ व्यावसायिकाच्या तोडीचा. १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत हैदराबादने राज्य संघांचा संतोष करंडक लागोपाठ जिंकला, आणि नेमक्या त्याच काळात भाषावार प्रांतरचनेत आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. मराठी माणसाने या रचनेबद्दल भाषेच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. खेळाच्या अंगाने मात्र कुणी बोलत नाही. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, बंगळूर साडेसहाशेहून लांब. निवड चाचणी, राज्य संघटना, सरकारी प्रशिक्षक, सगळे काही एका दिवसाच्या वाटेवरून रात्रभराच्या प्रवासापलीकडे गेले. कर्नाटकाने २०२३ मध्ये चोपन्न वर्षांनी संतोष करंडक परत मिळवला. आनंदच आहे, पण त्याचे नगारे बिदरपर्यंत ऐकू आले नाहीत.

पुढे २०१९ मध्ये हैदराबादला पुन्हा मोठा क्लब आला, तोही आपल्याशी नाते सांगणारा. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि गचीबावलीचे मैदान त्याचे घर झाले. २० मार्च २०२२ रोजी या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक उचलला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी गोव्याचा, पण हे आडनाव कलबुर्गीत कुणालाही परके वाटणार नाही. गंमत म्हणजे करोनाच्या साथीमुळे सगळा हंगाम गोव्यात झाला, तेव्हा विजेता हैदराबादचा आणि हैदराबादकरांना तो घरच्या मैदानावर पाहताच आला नाही.

त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशी संघांची नावेच सांगतात की कुस्तीच्या आखाड्यांनी हा खेळ दत्तक घेतला. शाहू स्टेडियमवर पेठा-पेठांतली ईर्ष्या अशी भडकते की साध्या साखळी सामन्यालाही गर्दी लोटते. पण अनिकेतला व्यावसायिक केले ते तालमीने नव्हे. तो लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मग इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद. मधल्या काळात पुण्याच्या वेंकीजच्या मालकीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे इंग्लंडात सरावही करून आला. हा मार्ग उत्तम आहे, मात्र तो बारा-तेराव्या वर्षी पकडावा लागतो. तेव्हा सुटला की कोल्हापुरातला पोरगा तालमीचा हिरो राहतो, आणि आपल्याकडचा तर तेवढाही राहत नाही.

२०२५ मध्ये हैदराबाद एफसीही गेला. पैशाची तंगी, सोडून गेलेले खेळाडू, नाकारलेला परवाना, आणि अखेर क्लब दिल्लीला हलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली. ज्याला मुळेच नाहीत अशा क्लबाच्या भरवशावर सीमाभागाने काही मांडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलेजे मात्र कुठे जात नाहीत. गुलबर्गा विद्यापीठ १९८० पासून उभे आहे, आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, बिदरला अभियांत्रिकी आहे, पशुवैद्यक विद्यापीठ आहे. कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे आपल्या भागासाठी, घटनेच्या ३७१ जे कलमाखाली विकासाचा पैसाही येतो. अमेरिकेच्या पैशाची बरोबरी कुणी मागत नाही. बाद स्पर्धेऐवजी साखळी भरवा, निदान दहा सामने तरी प्रत्येक संघाला मिळू द्या. हैदराबादच्या कॉलेजांना बिदरला बोलवा आणि आपली पोरे तिकडे पाठवा, राज्याची हद्द मैत्रीच्या सामन्याला आडवी येत नाही. वीस वर्षांच्या मुलाला कुणीतरी बाहेरचा माणूस खेळताना पाहील, एवढे झाले तरी पुरे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे क्रीडा वेळापत्रक ठरवणाऱ्या प्राचार्यांनी आणि शारीरिक शिक्षण संचालकांनी जूनच्या आधी एकदा एकत्र बसावे, ही त्यांना विनंती आहे.