‘मला काय कळणार त्यातलं?’

“चला हो जाऊबाई, वाचनालयात व्याख्यान आहे. गुरुत्वीय लहरींवर.”

“मला काय कळणार त्यातलं? तू ये जाऊन. मी आपली भाजी निवडते.”

मैत्रिणींनो, हा संवाद तुमच्याही घरी कधी ना कधी झाला असेल. कीर्तनाला जाताना कुणी असं म्हणत नाही. पण विज्ञान म्हटलं की आपण आधीच हात वर करून मोकळ्या! दरवर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आमच्या गावातल्या वाचनालयात पुण्या-मुंबईचं कुणी ना कुणी बोलायला येतं. शाळेची मुलं रांगेनं आणून बसवतात, पुढच्या खुर्च्यांवर निवृत्त मास्तर मंडळी, आणि बायका? मागच्या दोन ओळी, त्याही अर्ध्या रिकाम्या.

या वेळी मात्र मी जाऊबाईंना ओढूनच नेलं. विषय आमच्या मराठवाड्याच्या जवळचा होता. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ नावाची प्रचंड वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला आपण कितीदा गेलो असू, पण त्याच तालुक्यात विश्वाचा कानोसा घेणारं यंत्र बसणार हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “मग येते बाई.”

पाहुण्या प्राध्यापकांनी चार मुलींना चादर ताणून धरायला लावली आणि मधोमध एक जड गोळा टाकला. चादर खोल गेली. म्हणाले, तारे आणि कृष्णविवरं अवकाशाला असाच बाक आणतात. अशी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एकात एक मिसळली की अवकाशालाच लाटा सुटतात. तशी एक लाट १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन ‘लायगो’ वेधशाळांनी पकडली. निघाली होती ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीतून, डोंगरांतून, माणसांच्या अंगांतून आरपार गेली आणि कुणाला पत्ताही नाही!

इथं जाऊबाईंनी माझा दंड धरला. कानात म्हणाल्या, “अगं, अंगातून जाते म्हणतायत. मग पोटुशी बाई असेल तर? बाळाला काही होतं का? विचार ना त्यांना.”

आणि मी काय केलं असेल? “शू... लोक हसतील,” म्हटलं. जाऊबाई गप्प झाल्या. पुढे माईक फिरला तेव्हा दोन मास्तरांनी पाच-पाच मिनिटं स्वतःचंच भाषण केलं. एका मुलानं कृष्णविवरात पडलं तर काय होतं ते विचारलं. मागच्या ओळींकडे माईक आलाच नाही. आम्हीही मागितला नाही.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. कारण तो प्रश्न उगाच आलेला नव्हता. जाऊबाईंची लेक, माझी पुतणी, सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून जुनी. १९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण झालं, आठवतं? तेव्हा हीच पुतणी जाऊबाईंच्या पोटात होती. सासूबाईंनी वेध लागल्यापासून जाऊबाईंना अंधाऱ्या खोलीत उताणं निजवून ठेवलं. कूस बदलायची नाही, पाणी प्यायचं नाही. राखण करायला मी. बी.एस्सी. झालेली धाकटी सून! चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, तिनं बाळाला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण लग्नाला वर्षच झालेलं, तोंडातून शब्द निघाला नाही. त्या घोटभर पाणी मागत होत्या...

त्या रात्री मला जेन मार्सेट आठवली. लंडनची बाई. मी तिच्याविषयी वाचलं होतं कधीतरी. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही नावाचा शास्त्रज्ञ व्याख्यानं द्यायचा. प्रयोग करून दाखवायचा, ठिणग्या, धूर, धमाल! १८०१ साली त्यानं तिथं बोलायला सुरुवात केली आणि बघता बघता गर्दी लोटायला लागली. त्यात बायकाही पुष्कळ असायच्या. जेनही जायची. पण तिला नीट कळेना. प्रयोग भराभर होत, एक समजतोय तोवर दुसरा सुरू. मग घरी आल्यावर ती जाणकार स्नेह्यांशी त्यावर बोलायची, विचारायची, प्रयोग पुन्हा करून बघायची. नवरा डॉक्टर, रसायनशास्त्राची आवड असलेला, तोही हाताशी होताच. असं केल्यावर पुढची व्याख्यानं सोपी जायला लागली. तिच्या मनात आलं, बाकीच्या बायकांना घरी असं बोलायला कोण आहे?

म्हणून तिनं पुस्तक लिहिलं, ‘रसायनशास्त्रावरील संभाषणं’. त्यात मिसेस बी. नावाच्या बाई शिकवतात, आणि एमिली नि कॅरोलाइन या दोन मुली विचारतात. कॅरोलाइन तर भलतीच उतावळी, मनात येईल ते विचारून मोकळी. तिला कुणी ‘शू’ म्हणत नाही! पुढे १८१९ मध्ये जेननं भौतिकशास्त्रावरही असंच संभाषणांचं पुस्तक काढलं. पहिलं पुस्तक १८०६ चं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण कित्येक वर्षं त्यावर लेखिकेचं नावच नव्हतं.

ते पुस्तक एका बुकबाइंडरच्या दुकानात बांधणीला आलं. तिथं लोहाराचा एक पोरगा उमेदवारी करत होता. बांधता बांधता तो पुस्तकं वाचायचा. हेही वाचलं. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोरानं सगळं टिपून घेतलं, स्वतः सुबक बांधलं आणि डेव्हीकडे पाठवलं. १८१३ मध्ये त्याला तिथंच मदतनिसाची नोकरी लागली. हा पोरगा म्हणजे मायकेल फॅरडे. १८३१ मध्ये चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण करून दाखवणारा! वीजकेंद्रातलं जनित्र त्याच तत्त्वावर चालतं. मोठा झाल्यावरही तो मार्सेटबाईंना विसरला नाही, आपले शोधनिबंध तिला पाठवत राहिला. त्याच संस्थेत १८२५ मध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. त्यातल्या एकोणीस मालिका फॅरडेनं स्वतः दिल्या. साध्या मेणबत्तीवर त्यानं अख्खी मालिका केली. मेणबत्ती! ‘मला काय कळणार’ म्हणायची सोयच नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकरांची गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक असेल. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी गराडा घालायची, तर ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. मग उत्तर जायचं, खाली सही. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. कितीजणांनी ती कार्डं जपून ठेवली असतील! सभागृहात उभं राहायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी ही केवढी सोय.

सकाळी मी जाऊबाईंसमोर फोन घेऊन बसले. प्राध्यापकांनी शेवटी आपला नंबर दिला होताच. “सांगा, काय विचारायचंय.”

“तूच विचार की तुझ्या नावानं.”

“नाही. प्रश्न तुमचा आहे.”

संध्याकाळी उत्तर आलं, चांगलं मोठं. लायगोच्या नळ्या चार-चार किलोमीटर लांब असतात. २०१५ च्या त्या लाटेनं तेवढ्या लांबीत जो फरक पडला तो अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान. माणसाचं शरीर त्या नळीच्या अडीच हजारावा भाग, म्हणजे आपल्यात फरक आणखी अडीच हजार पटींनी कमी. आईला नाही, बाळाला नाही, कुणालाच काही होत नाही. शेवटी लिहिलं होतं, हा प्रश्न सभागृहात यायला हवा होता, मला तिथं सगळ्यांसमोर उत्तर देता आलं असतं.

हे वाचून मी मान खाली घातली.

जाऊबाईंनी ते उत्तर लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रोटॉनपाशी थोड्या अडखळल्या. मग चष्मा काढून जरा वेळ तशाच बसल्या आणि फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, “आता ग्रहणाचं विचार. आणि खाली नाव माझंच घाल हं.”