‘सर्व्हर बंद आहे’ असे म्हणण्यापूर्वी

दाखल्यासाठी कार्यालयात आलेल्या ग्रामस्थाला ‘सर्व्हर बंद आहे’ असे उत्तर मिळते आणि त्याची खेप वाया जाते. पुष्कळदा सर्व्हर सुरू असतो. दोष असतो तो कार्यालयातील संगणकात भरलेल्या जोडणीच्या तपशिलात. हा दोष कसा ओळखावा, हे संबंधितांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

‘क्लाउड’ म्हणजे दूरच्या केंद्रातील, जाळ्यावरून वापरावयाचे संगणक होत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची अशी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. ॲमेझॉन कंपनीने २०१६ मध्ये मुंबईत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत आपला विभाग सुरू केला. मुंबई विभाग खातेदारास आपोआप उपलब्ध असतो. हैदराबाद विभाग मात्र त्याला स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. माहिती हैदराबादेत आणि संगणकात विभाग मुंबईचा, असे असल्यास ती सापडणार कशी?

पडद्यावरील संदेश हाच निदानाचा पहिला आधार होय. त्यावरून पुढीलप्रमाणे तपासणी करावी :

१. ‘पत्ता सापडत नाही’ : सर्व्हरचे नाव किंवा विभाग चुकला असावा, अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

२. बराच वेळ उत्तरच नाही : मार्गातील संरक्षक भिंत बहुधा आपल्याला अडवीत असते. कार्यालयाचा इंटरनेट पत्ता बदलला आहे काय, हे पाहावे.

३. जोडणी तत्काळ नाकारली : पोर्ट क्रमांक तपासावा. सर्वसाधारणपणे मायएसक्यूएलसाठी ३३०६ व पोस्टग्रेससाठी ५४३२ हा क्रमांक असतो.

४. पासवर्ड अमान्य : सर्व्हरपर्यंतचा मार्ग ठीक आहे. केवळ वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड पाहावा.

५. प्रमाणपत्राविषयी तक्रार : प्रथम संगणकाची तारीख पाहावी. जुन्या यंत्रातील लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते.

घाईने संरक्षक भिंतीत ०.०.०.०/० अशी नोंद करणे किंवा प्रमाणपत्राची तपासणी बंद करणे सर्वस्वी अयोग्य आहे. पहिल्या उपायाने जगातील कोणालाही दारापर्यंत येता येते. दुसऱ्याने आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलत आहोत, ही खात्री नाहीशी होते. त्या माहितीसंचात शेतकऱ्याच्या जमिनीची वा विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद असू शकते.

एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा आणि तज्ज्ञास कळविताना संदेश जसाच्या तसा, वेळेसह, लिहून पाठवावा. असे केल्यास ग्रामस्थाची दुसरी खेप निश्चितच वाचू शकेल.