बेडक्यातला मजकूर

भाताची कापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी वसलेल्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. आणि क्षयरोगाच्या निदानात विलंब म्हणजे नेमके काय, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने त्या सुमारास एखाद्या आरोग्य केंद्राच्या पडवीत येऊन बसावे. मी बसलो होतो तेव्हा एका वृद्धासमोर आशाताई डबी धरून उभ्या होत्या. "आजोबा, थुंकी नको, छातीतला बेडका पाहिजे. चूळ भरा, लांब श्वास घ्या नि खाकरा." पहिल्या डबीत नुसती लाळ आली, ती त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. दुसरीत दाट, पिवळसर ऐवज उतरला, तेव्हा कुठे तिच्यावर नाव, गाव, तारीख पडली आणि ती शीतपेटीतून रवाना झाली.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये हा जंतू दाखविल्यापासून त्याची ओळख पटविण्याचे दोन शिरस्ते चालत आले. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो, परंतु औषधाला दाद देईल की नाही हे कळत नाही. पोषकद्रव्यावर वाढविला तर तेही कळते, मात्र त्याला सहा-आठ आठवड्यांचीही मुदत लागते, आणि तोवर आजोबांची वाडी ओस पडलेली असते.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र, ज्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केली, ते बॅटरीवरही चालते. बेडका द्रावाने पातळ करतात, जंतूचे कवच फोडून डीएनए वेगळा काढतात आणि त्याचा थेंब इवल्याशा चिपवर सोडतात. तासाभरात क्षयजंतू आहे वा नाही हे कळते. असल्यास रिफॅम्पिसिन या औषधाला तो जुमानतो का, हे दुसऱ्या चिपवर पाहतात.

तथापि ही चिप वाचते ती जनुकीय मजकुराच्या चार ओळी. संपूर्ण मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा असून तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या जंतूवरून तो उतरविला, त्याचा मूळ वाण १९०५ साली अमेरिकेतील एका एकोणीस वर्षांच्या रुग्णापासून मिळविलेला. मोठ्या प्रयोगशाळांत आपल्या जंतूच्या डीएनएचे असंख्य तुकडे वाचून त्या प्रतीशी त्यांची रुजवात घालतात, जणू फाटलेल्या दस्ताच्या चिंध्या दप्तरातील अस्सल नकलेवर मांडून पाहाव्यात. आरपीओबी नावाच्या जनुकात टीसीजी या त्रयीतील 'सी' जाऊन तिथे 'टी' आला, एवढ्या एका अक्षराच्या फेरफाराने रिफॅम्पिसिन निकामी होते.

ही रुजवात जितकी सूक्ष्म तितकी जलद असती तर सोन्याहून पिवळे. परंतु बेडक्यातील डीएनए बहुतांश माणसाचाच असल्याने संपूर्ण वाचनासाठी जंतू सहसा आधी वाढवावा लागतो, म्हणजे पुन्हा तीच आठवड्यांची मुदत. निवडक जनुके थेट बेडक्यातून वाचण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्यता दिली, ती माझ्या मते या वाड्यांच्या खऱ्या उपयोगाची. अर्थात तोही अहवाल वेळेत येऊन भागत नाही: आजोबा कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या भट्टीवर गेले, याचा तपशील आशाताईंच्या वहीत असतो, आणि औषधाची पाकिटे तिथवर पोहोचवण्यासाठी पहिला फोन त्यांनाच लावावा लागतो.