थंडीत शेजार जपा

पौषात शिरूर-दौंडकडे दिवस मावळला की गारठा झपाट्याने वाढतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. तापलेली जमीन उष्णता भराभर सोडून देते. घोड-भीमेकाठच्या उसात बिबट्याची धास्तीही असतेच. मग दारे लवकर लागतात आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणेच खुंटते.

हे आरोग्यालाही बाधते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो; अशा वेळी विचारपूस करणारे कुणी हवेच. २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. माणसांशी घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता त्यात सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली.

म्हणून भेटीगाठी दिवसाउजेडी ठेवा. सकाळी अंगणातल्या कोवळ्या उन्हात चहा घ्या. ज्वारी हुरड्यात आली की रानात आगटी पेटवा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस हातावर चोळून गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर खाताना गप्पा आपोआप रंगतात. शेजारच्या आजींना हाताला धरून न्या. संध्याकाळची शेकोटी घराजवळ, पण उघड्यावरच पेटवा. निखारे बंद खोलीत नेऊ नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. आणि सकाळी एखादे दार उघडले नाही, तर जाऊन हाक मारा.