पिंपातल्या आंबट बिअरची पन्नास वर्षं

१९७०च्या दशकात ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडच्या पायोटेनलांड भागात लॅम्बिक ही आंबट बिअर बनवणारे एकेक करून ब्रुअरीला कुलूप लावत होते. तरुण गिऱ्हाईक थंडगार पिल्सनरकडे आणि गोड पेयांकडे वळलं होतं. दोन-तीन वर्षं पैसा पिंपात अडकवून ठेवायचा आणि शेवटी ‘फार आंबट आहे बुवा’ हे ऐकून घ्यायचं, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार झाला होता. त्याच दशकात फ्रांक बोन या तरुणानं मात्र लेमबेक गावातली एक जुनी ब्रुअरी हाती घेतली. ब्रसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेल्या कान्तियों घराण्याचे जावई ज्याँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ मध्ये आपली चालती ब्रुअरी संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन यांचा (गायक नव्हेत, बिअरवर लिहिणारे ब्रिटिश पत्रकार) जगभरच्या बिअरवरचा ग्रंथ आला आणि बेल्जियमबाहेरच्या वाचकाला या बिअरचा पत्ता लागला.

तिथून आजपर्यंतचा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठळक होते. पिंपात मुरवलेल्या आंबट बिअरमध्ये आंबटपणा किती, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कुणी आणला, लाकडानं हवा किती आत येऊ दिली आणि मिश्रण कुणी केलं, यावरून एक बिअर दुसरीपासून वेगळी होते.

लॅम्बिकपासून सुरुवात करू. तिच्यात साधारण एक तृतीयांश गहू असतो, तोही मोड न आणलेला. बाकी बार्लीचं माल्ट. हॉप्स मुद्दाम जुने, कडवटपणा उडून गेलेले वापरतात. ते चवीसाठी नसतात, नको त्या जिवाणूंना आवर घालण्यासाठी असतात. उकळलेला रस माळ्यावरच्या उथळ, पसरट तांब्याच्या हौदात रात्रभर निवत ठेवतात. विरजण न लावता दूध उघडं ठेवावं आणि हवेतून जे पडेल त्यावर भरवसा टाकावा, तसला हा प्रकार. म्हणूनच हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांतच होतं.

पुढचं नाट्य पिंपात घडतं. पहिल्या काही आठवड्यांत आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद धुमाकूळ घालतात. मग नेहमीचं यीस्ट साखर खातं. काही महिन्यांनी पेडिओकॉकस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो आणि बिअर चक्क तेलासारखी तार धरते. जाणकार म्हणतात, बिअर आजारी पडली. तिला बरं करतं ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. ते ती तार मोडतं आणि चामड्याचा, गोठ्याचा म्हणावा असा वास देतं. कान्तियोंच्या पिंपांच्या खोलीत कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण फळमाश्यांचा बंदोबस्त तेच करतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की कोवळ्या बिअरमधल्या उरलेल्या साखरेवर ती पुन्हा फसफसते. तीच गूझ. पिंपात आंबट चेरी टाकल्या की क्रीक.

रोडेनबाखचं घराणं वेगळं. वेस्ट फ्लॅंडर्समधल्या रुसेलारे गावात १८२१ मध्ये सुरू झालेल्या या ब्रुअरीत हवेतल्या जिवाणूंवर काही सोपवत नाहीत. ब्रुअरीचं स्वतःचं मिश्र यीस्ट असतं, आणि मुख्य आंबवणं झाल्यावर बिअर ओकच्या उभ्या, अजस्र पिंपांत जाते. अशी २९४ पिंपं तिथे रांगेनं उभी आहेत. त्यांना फूडर म्हणतात. लाकडातून अगदी जपून हवा झिरपते, त्यामुळे लॅक्टिक आम्लाबरोबर सिरक्याचा हलका झणका येतो. शिवाय भाजक्या माल्टचा लालसर गोडवा. सुमारे दोन वर्षं मुरलेली बिअर कोवळ्या बिअरमध्ये मिसळतात. नेहमीच्या रोडेनबाखमध्ये जुनीचा वाटा एक चतुर्थांश, त्यांच्याच ‘ग्रां क्रू’ या बिअरमध्ये दोन तृतीयांश. लॅम्बिकच्या नादी लागलेल्याला ही गोडसर वाटते, आणि हिची सवय असलेल्याला लॅम्बिक कोरडी ठणठणीत. लाकडात मुरवून कोवळीत मिसळण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकात ऊजेन रोडेनबाख इंग्लंडमध्ये शिकून आले. ब्रेटानोमायसिस यीस्टही डॅनिश संशोधक क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये जगापुढे मांडलं, ते मुरवलेल्या इंग्रजी बिअरचा अभ्यास करूनच. इंग्लंडनं ही वाट पुढे जवळजवळ सोडून दिली.

अमेरिकेनं ती उचलली. १९९६ मध्ये रोडेनबाखचे पेटर बूकार्ट कोलोरॅडोतल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेले आणि तिथे ‘ला फोली’ जन्मली, फ्लॅंडर्सच्या लाल बिअरची अमेरिकी नात. कॅलिफोर्नियात रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांनी शेजारच्या द्राक्षमळ्यांचा फायदा घेतला. त्यांची ‘टेम्प्टेशन’ शार्दोने वाइनच्या पिंपात मुरते, ‘सप्लिकेशन’ पिनो न्वारच्या पिंपात चेरींसह, तर ‘कॉन्सिक्रेशन’ काबर्ने सोव्हिन्योंच्या पिंपात. वाइनचं पिंप सव्वादोनशे लिटरच्या आसपास, फूडर हजारो लिटरचा. लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाशी लगट जास्त, हवा जास्त, आणि आधीच्या वाइनचा स्वादही उतरतो. मोठा फूडर संथ आणि स्थिर. मेन राज्यातल्या अलागॅश ब्रुअरीनं २००७ मध्ये बेल्जियमसारखा निववण्याचा हौदच बांधला आणि तिथल्या हवेची बिअर करून दाखवली.

२०१०च्या आसपास मात्र गाडी घसरली. जितकी आंबट तितकी भारी, असा समज पसरला. जोडीला झटपट रीत आली. कढईतच लॅक्टोबॅसिलस घालायचा, एक-दोन दिवसांत आंबट रस तयार. स्वस्त आणि ताजीतवानी बिअर, पण लाकडाचा आणि काळाचा संबंध नाही. दोन्ही बाटल्यांवर ‘सावर’ एवढंच छापलेलं असल्यानं ग्राहकाला फरक कळेनासा झाला. नावांवरून वादही झाला. टेक्सासच्या जेस्टर किंग ब्रुअरीनं लेबलवर गूझचं नाव घेतलं, तेव्हा १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘होराल’ या बेल्जियन लॅम्बिक संघटनेनं हरकत घेतली. शेवटी चर्चेतून अमेरिकनांनी वेगळं नाव स्वीकारलं.

बेल्जियममध्येही सगळं सुरळीत नव्हतं. २००९ मध्ये बेर्सेल गावातल्या ड्री फोन्टेइनेन या लॅम्बिक ब्रुअरीत थर्मोस्टॅट बिघडला, कोठार तापलं आणि हजारो बाटल्या वाया गेल्या. तिथले ब्रुअर आर्मां डेबेल्डर यांनी ती बिअर गाळून तिची कडक दारू केली आणि उभं राहण्यापुरतं भांडवल मिळवलं. २०१५ च्या शरदात थंडीच पडेना, तेव्हा कान्तियोंला घाणे टाकून द्यावे लागले. हवेवर चालणाऱ्या धंद्याला हवामानबदलाचा फटका असा थेट बसतो.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर कमाईची बाजू मोठी दिसते. मरणपंथाला लागलेली कला जगली, समुद्रापार रुजली. पण खरं कसब मिसळणाऱ्याच्या जिभेत आहे. कोणतं पिंप किती घ्यायचं आणि कोणतं मोरीत ओतायचं, हे त्याला कळावं लागतं. परदेशी कधी योग आला तर लेबलवर आंबटपणाचा आकडा शोधू नका. बिअर कोणत्या लाकडात किती काळ होती, एवढं विचारा. पहिल्यांदा घेत असाल तर रोडेनबाखपासून सुरुवात करा, गूझकडे नंतर वळा आणि वाइनच्या पिंपातली सगळ्यात शेवटी घ्या. फरक आपोआप कळेल.