उतारावर एका वेळी एकच

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रेव्हलस्टोक हे गाव मोनाशी आणि सेल्कर्क या दोन पर्वतरांगांच्या मध्ये, कोलंबिया नदीच्या काठी वसले असून, प्रशांत महासागराकडून येणारे बाष्प या रांगांना अडत असल्यामुळे तेथे दर हिवाळ्यात विपुल बर्फ पडतो. गावाजवळचे बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे डोंगर स्नोमोबाइल चालवणाऱ्यांमध्ये विशेष प्रसिद्ध आहेत. गुलमर्ग किंवा सोलांग येथे पर्यटकांना मैदानात चक्कर मारून आणणारी बर्फावरची स्कूटर मराठी वाचकाला परिचित आहे; मात्र डोंगरी स्नोमोबाइलचे काम निराळे असते. तिला पुढे दोन स्की आणि मागे लांब, अखंड फिरणारा रबरी पट्टा असतो, त्या पट्ट्यावर सुमारे साडेसात सेंटिमीटर उंचीची पाती असतात, आणि दोनशे किलोंच्या आसपास वजनाचे हे यंत्र चालक उभ्याने, शरीराचा भार कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूस टाकून, कंबरभर भुसभुशीत बर्फातून तिरके चढवत नेतो. जेथे आखलेली वाट नाही, बर्फ दाबून केलेला रस्ता नाही आणि गस्तही नाही, अशा डोंगराळ मुलखाला हे लोक बॅककंट्री म्हणतात. तेथे पाच-सात जणांच्या गटाबरोबर जाऊन त्यांची छायाचित्रे काढणे या कामात कॅमेऱ्याच्या ज्ञानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बर्फाचे ज्ञान लागते.

कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी धोक्याचा अंदाज वाचण्यापासून होते. अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचे मुख्यालय रेव्हलस्टोकमध्येच असून, ती हिवाळ्यात हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळण्याचा, धोका पाच पायऱ्यांत आणि उंचीच्या तीन पट्ट्यांनुसार जाहीर करते. स्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, आणि नेमके हेच उतार यंत्र चढवण्यास आव्हानात्मक व छायाचित्रात देखणे असतात. याहून अवघड गोष्ट म्हणजे बर्फाच्या पृष्ठावर निरभ्र, शांत रात्री वाढणारे पिसांसारखे स्फटिक. सकाळच्या तिरप्या उन्हात ते असे लखलखतात की कोणताही छायाचित्रकार त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसेल. परंतु त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तेच स्फटिक वरच्या आणि खालच्या थरांमधला ठिसूळ सांधा होतात, आठवडेच्या आठवडे तसेच गाडलेले राहतात आणि एखाद्या यंत्राच्या भाराने तुटून संपूर्ण थर घसरवतात. म्हणून जाणता छायाचित्रकार अशा सकाळची तारीख टिपून ठेवतो.

गटातील प्रत्येकाच्या अंगावर, बहुधा छातीशी बांधलेला, ट्रान्सीव्हर असतो. 457 किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवणारे हे छोटे उपकरण गाडल्या गेलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी असून, त्याच्या जोडीला घडीची लांब शोधकाठी आणि फावडे लागते. बर्फाखाली अडकलेल्याच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे मदत सोबत्यांकडूनच मिळावी लागते. छायाचित्रकाराची अडचण अशी की, कॅमेरा, फोन, बिनतारी संच यांसारखी विद्युत उपकरणे ट्रान्सीव्हरच्या कामात व्यत्यय आणतात. संकेत पाठवताना ती किमान 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान 50 सेंटिमीटर दूर असावीत, असा नियम आहे. छातीवर कॅमेऱ्याची पिशवी बांधण्याची सोयीस्कर सवय म्हणूनच येथे घातक ठरते, आणि कॅमेरा पाठीच्या पिशवीत किंवा कमरेच्या बाजूस ठेवून दर वेळी काढण्या-घालण्याचा त्रास पत्करावा लागतो.

या साऱ्याचा परिणाम चौकटीच्या रचनेवर होतो. स्खलनप्रवण उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि इतरांनी, स्खलन खाली येऊन जेथवर पसरू शकते त्या टापूच्या बाहेर, यंत्रे शेजारी-शेजारी आणि तोंडे सुटकेच्या दिशेला करून थांबायचे, हा बॅककंट्रीतला मूलभूत नियम आहे. उतारावर एकाचे यंत्र रुतले, तरी दुसऱ्याने त्याच्या मदतीला वर धावायचे नसते. 13 मार्च 2010 रोजी बोल्डर माउंटनवर यंत्रे उंच चढवण्याची चढाओढ पाहण्यासाठी सुमारे दोनशे लोक उताराच्या पायथ्याशी जमले असताना स्खलन झाले, त्यात दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पायथ्याशी उभे राहून वर पाहणे ही प्रेक्षकाची स्वाभाविक जागा आहे, छायाचित्रकाराची तर विशेषच, कारण खालून घेतलेल्या चित्रात उतार अधिक उभा आणि चालक अधिक धाडसी दिसतो. पण ती जागा सोडून देणे हे या कामातले पहिले शिक्षण होय.

मग समूहाचे छायाचित्र काढायचे कसे, असा प्रश्न उरतो. तीन-चार यंत्रे एकाच उभ्या उतारावर बर्फ उधळत चढत आहेत, असे चित्र आकर्षक असते; ते मुळात काढू नये आणि काढले असल्यास छापू नये, कारण नवशिके चालक अशा चित्रांतूनच समूहाने कसे वागावे हे शिकतात. त्याऐवजी समोरच्या सुरक्षित धारेवरून लांब पल्ल्याच्या, 70 ते 200 मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या चौकटीत उतारावरचा एकटा चालक आणि दूर कडेला थांबून त्याच्यावर नजर ठेवणारे सोबती हे दोन्ही सामावतात, आणि भिंगामुळे मधले अंतर आकसल्यासारखे दिसत असल्याने त्यांच्यातले नाते डोळ्यांना स्पष्ट जाणवते. बॅककंट्रीतला समूह असा विखुरलेलाच असतो. त्याचे खरे चित्रही विखुरलेले असले पाहिजे.

एका बाबतीत मात्र येथे दुसरी संधी नाही: अस्पर्शित बर्फावर एकदा माग उमटला की ती पाटी पुन्हा कोरी होण्यास पुढच्या हिमवर्षावाची वाट पाहावी लागते. म्हणून सूर्य कोठे आहे, चालक कोठून येईल, कोठे वळेल आणि बर्फाचा फवारा कोणत्या बाजूला उडेल, हे त्याने यंत्र सुरू करण्यापूर्वीच बिनतारी संचावर ठरवून घ्यावे लागते. चालकाला कॅमेऱ्याकडे पाहू नकोस असे आवर्जून सांगतात. माणूस जिकडे पाहतो तिकडेच यंत्र नेतो, आणि तोल गेलेले यंत्र खाली गडगडत जाऊ शकत असल्याने छायाचित्रकाराने त्याच्या खालच्या रेषेत कधीही उभे राहायचे नसते.

प्रकाशाचे गणितही येथे उलटे मांडावे लागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, तर ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो; परिणामी मापकावर विसंबल्यास बर्फ मळका, करडा येतो. त्यासाठी एक ते दोन टप्पे अधिक प्रकाश द्यावा लागतो, पण फवाऱ्यातील कणांचा तपशील जळून जाणार नाही इतक्या बेताने. 51 अंश अक्षांशावरील या प्रदेशात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजावर 16 अंशांपेक्षा वर येत नाही, त्यामुळे सावल्या लांब पडतात आणि त्या केवळ निळ्या आकाशाने उजळत असल्याने निळ्या दिसतात. हा प्रकाश सुंदर आहे, पण तो मोजके तास टिकतो व अनेक दऱ्यांत पोहोचतच नाही. मार्चअखेरीस दुपारचा सूर्य 40 अंशांच्या वर चढतो आणि तेव्हा चित्रणाची वेळ सकाळ-संध्याकाळकडे सरकते. सूर्य चालकाच्या मागे असला तर उधळलेला बर्फ आतून पेटल्यासारखा उजळतो, मात्र त्याच फवाऱ्याला कॅमेऱ्याची स्वयंचलित फोकसयंत्रणा चालक समजून चिकटते. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळाचे शटर फवाऱ्याचा कण अन् कण गोठवते, तर साठाव्या भागाच्या शटरने कॅमेरा यंत्राबरोबर फिरवल्यास पार्श्वभूमी पुसट होऊन वेग उमटतो. थंडीने बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवतात. संध्याकाळी उबदार खोलीत शिरताना कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीतच राहू देतात, एरवी बाष्प त्याच्या आतवर जमते.

याहून गंभीर बाब म्हणजे कॅमेऱ्याच्या केवळ उपस्थितीने चालकांच्या निर्णयात होणारा बदल. अमेरिकन अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांच्या आधारे, माणसे ज्या मानसिक सापळ्यांत अडकतात त्यांची चर्चा केली आहे. इतरांकडून वाखाणले जाण्याची ओढ, आणि अस्पर्शित उतार दुसरे कोणी घेण्याआधी आपण घ्यावा ही घाई, हे त्यांपैकी दोन सापळे होत. छायाचित्रकार या दोन्ही ओढी वाढवतो. ‘आणखी एकदा, जरा वरून’ ही त्याची साधी सूचना दमलेल्या चालकाला त्याच्या कुवतीबाहेरच्या वळणावर नेऊ शकते, म्हणून सुजाण गटात उताराची निवड छायाचित्रकाराकडे न ठेवता म्होरक्याकडे ठेवतात आणि त्याचा नकार कारण न विचारता मान्य करतात.

धोका वाढलेल्या किंवा ढगाळ दिवसांत, जेव्हा आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगात मिसळून उतारच दिसेनासे होतात, तेव्हा गट फर आणि स्प्रूसच्या रानात सौम्य उतारांवर उतरतो. तेथे काळ्या खोडांमुळे चौकटीला आधार मिळतो, आणि समूहाची सर्वांत समाधानकारक छायाचित्रेही तेथेच हाती लागतात, कारण झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात कोणाचे तरी यंत्र हमखास रुतते. बुंध्याभोवतीचे हे खड्डे माणसालाही गिळू शकतात, त्यामुळे तेथे कोणी एकटा राहत नाही: एक जण स्की धरून ओढतो, दुसरा पट्ट्यापुढचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करतो, तिसरा फावड्याने कड उतरवतो, आणि घामाची वाफ शिरस्त्राणातून वर निघते. येथे 24 मिलिमीटरचे रुंद भिंग लावून अगदी जवळ जावे, दोन-चार चौकटी घ्याव्यात आणि मग कॅमेरा ठेवून हात लावावा. दिवसाच्या चित्रसंचात स्वतः छायाचित्रकारही यावा असे वाटत असेल, तर फावडे आणि कॅमेरा यांची अदलाबदल करण्याची हीच वेळ असते.